शेखरचं राहून गेलेलं बारसं

तुळशीराम देवतळे रेल्वेत मालबाबू होते. आलेला माल आला म्हणून लिहायचा, गेलेला माल गेला म्हणून लिहायचा, आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याचा शेरा मारून प्रकरण मिटवायचं, यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. अधांतरी राहिलेली गोष्ट त्यांना बघवत नसे. घरी एखादा डबा झाकणाशिवाय दिसला तरी ते झाकण सापडेपर्यंत सगळ्यांना उभं करत. लोक म्हणत, देवतळेबाबू म्हणजे शिस्तीचा माणूस. त्यांची बायको वनमालाबाई यावर कधी काही बोलल्या नाहीत, कारण शिस्तीच्या माणसाबरोबर संसार करणाऱ्याला बोलायला फुरसत कुठे असते.

घर मूळचं हिंगणघाटचं. नोकरीमागे रायपूरला आले ते रायपूरचेच झाले. पुरानी बस्तीत दोन खोल्या पुढे, दोन मागे आणि मधे अंगण. मोठी मुलगी सुनीती, धाकटा शेखर. शेखर अठराव्या वर्षी, बापाला न विचारता, फौजेत भरती झाला. तुळशीरामांना पोट्टा रेल्वेत चिकटवायचा होता, त्यांनी पंधरा दिवस अबोला धरला. याच माणसाने पुढे भरल्या सभेत सांगितलं, की मीच त्याचं नाव फौजेत घातलं. वनमालाबाई तेव्हा पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मांडीवरचा हार चाचपत होत्या.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात लढाई लागली तेव्हा शेखर वीस वर्षांचा होता. त्याचं काम टेलिफोनची तार अंथरायची, आणि तुटली की जोडायची. ऐकायला लाइनमनचं काम; पण द्रासकडच्या त्या डोंगरावर वरच्या तुकडीशी बोलायचं ते त्या तारेवरूनच, आणि गोळे पडले की ती तुटे. शेखर पोटावर सरपटत जाई, जोडी, परत येई. शेवटच्या खेपेला तार जुळली, वरून आवाज आला, जखमींना खाली आणायची सोय लागली. शेखर मात्र परतला नाही. तो होता तिथला कडाच खाली घसरला होता.

रायपूरला तार आली: शेखर देवतळे लापता, बहुधा शहीद.

त्या वेळी घरात सुनीतीच्या लग्नाची तयारी चालली होती. सुनीतीला सव्विसावं लागलं होतं. आधीची दोन स्थळं साखरपुड्यापर्यंत येऊन मोडली होती. हे तिसरं नागपूरचं. तार आली हे कळल्यावर मुलाकडचे भेटायला आले, रडले, आणि निघताना उंबऱ्यात थांबून मुलाचे काका म्हणाले, "तुळशीरामजी, वाईट वाटते बोलाले. पण पोट्टा गेला की आहे हे तुमचंच ठरलं नसंन तर आम्ही लग्न कोन्या तोंडानं लावावं? पुढे चातुर्मास लागते. काय ते एक ठरवा."

तुळशीरामांनी ठरवलं.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशी आपल्याकडे म्हण आहे. देवतळ्यांकडे मुलगा न दाखवताच श्राद्ध झालं. दोन गल्ल्या पलीकडे पांडुरंग गुरुजी राहत. विदर्भातून आलेल्या घरांचं सगळं बरंवाईट त्यांच्याच हातून होई. ते आधी तयार नव्हते. म्हणाले, "लापता माणसाची शास्त्रानं बारा वर्षं वाट पाहा लागते."

"बारा वर्षांत माही पोट्टी अडतीस वर्षांची होते, गुरुजी. तिले कोण करीन?"

"तारेत बहुधा लिहिलं आहे, तुळशीरामजी."

"सरकारी कागदात बहुधा लिहितातच. मी जिंदगीभर कागदच वाचले."

वनमालाबाई दारामागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "थोडं थांबा न. मले तसं वाटून नाही राहिलं."

"तुले वाटून काय होते?" तुळशीराम म्हणाले. "हरवलेली वाघीण यार्डात आपोआप येऊन उभी राहात नाही."

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. पोटच्या पोराबद्दल बोलतानाही त्यांच्या तोंडी यार्ड आलं, आणि वनमालाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचं त्यांना पुढे फार लागलं. आपण त्या दिवशी उंबऱ्यात आडवं पडायला पाहिजे होतं, असं त्या मनाशी कितीदा तरी म्हणत.

देह नसला की पळसाच्या देठापानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला माणसासारखा अग्नी देतात. महादेव घाटावर खारून नदीच्या काठी तुळशीरामांनी तो पुतळा जाळला. बरोबर गुरुजी आणि पुतण्या नीलेश, एवढेच. गाजावाजा नको, लग्नघर आहे. वर्षभराची श्राद्धं ओढून एकदमच उरकली, म्हणजे मंगलकार्याला घर मोकळं. बाराव्याला मेलेल्याच्या नावानं शय्यादान होतं. त्यात शेखरची लोखंडी खाट, गादी, छत्री आणि चपला गुरुजींच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत तुळशीरामांनी स्वतः खिळा ठोकला आणि शेखरचा वर्दीतला फोटो चंदनाच्या हारासह लावला. मग सुनीतीचं लग्न झालं. पाहुणे जेवले, बँड वाजला, आणि फोटोकडे पाहून बायका डोळ्यांना पदर लावत होत्या तेव्हा वनमालाबाई वाढत होत्या.

आषाढ सरता सरता शेजारच्या मिश्राइनबाईंकडे फोन आला. वनमालाबाई तशाच पिठाच्या हातांनी धावल्या.

"आई, मी शेखर. मी जित्ता आहो."

दुसऱ्या एका तुकडीला तो घळीत सापडला होता. डोक्याला मार, पाय मोडलेला, गळ्यातला बिल्ला तुटून गेलेला. लष्करी इस्पितळात महिना-सव्वा महिना स्वतःचं नाव सांगायची त्याला शुद्ध नव्हती. वनमालाबाईंना हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "जेवला काय रे?"

तुळशीराम घरी आले, ऐकलं, आणि पहिली गोष्ट काय केली? खुर्चीवर चढून फोटो उतरवला. देवापुढे दिवा त्यानंतर लागला. खिळा मात्र भिंतीत पक्का बसला होता, तो राहिला.

दसऱ्याच्या सुमारास शेखर काठी टेकत रायपूर स्टेशनावर उतरला. मोहल्ला लोटला होता, पेपरवाले आले होते. एकाने तुळशीरामांना हिंदीत विचारलं, तार आल्यावर बापाला काय वाटलं? झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांना ठाऊक होतं. पण माणसाला हार पडले की मूठ झाकून भागत नाही, तिच्यात हिरा आहे असं सांगावंसं वाटतं. ते म्हणाले, "मैंने एक दिन भी नहीं माना. रोज उसकी थाली लगवाता था." लग्नात हारातला फोटो पाहिलेल्यांनीही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं: पिता का विश्वास नहीं डिगा. तुळशीरामांनी ते कात्रण काचेत मढवून आणलं आणि त्याच खिळ्यावर टांगलं.

शेखरने पहिल्या दिवशी विचारलं, माझी खाट कुठे गेली? आई म्हणाली, मोडली. चपला? आई चुलीकडे वळली. दोन-चार दिवसांनी तो रीत म्हणून गुरुजींच्या पाया पडायला गेला. गुरुजी घरात नव्हते, सुनेने ओसरीतल्या खाटेवर बसायला सांगितलं. शेखर बसला आणि त्याची नजर खाटेच्या पायाकडे गेली. सहावीत असताना त्याने कर्कटकाने तिथे आपलं नाव खरडलं होतं आणि त्यासाठी मार खाल्ला होता. नाव तसंच होतं. गुरुजींची वाट न पाहता तो उठला.

दिवेलागणीला वनमालाबाई तांदूळ निवडत होत्या. शेखर समोर येऊन बसला. मेलेल्या माणसाचीच खाट गुरुजींकडे जाते, हे त्याला आजोबांच्या वेळेपासून माहीत होतं.

"आई, मले कधी जाळलं?"

वनमालाबाईंनी सुपातून हात काढला नाही. सगळं सांगितलं. नारळाचं डोकंसुद्धा सांगितलं. शेखर ऐकत होता, आणि तो रडला नाही याचंच त्यांना भय वाटलं.

मग तो बापासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, तुमी सुनीतीताईसाठी केलं, मी समजलो. पण आता मले परत आणा. जिवंत माणसाची क्रिया झाली असंन तर बापानं मांडीवर घेऊन पुन्हा नाव ठेवायचं असते न? ठेवा. चार लोकांसमोर ठेवा."

"तू हे मानतो काय? फौजी माणूस."

"मी नाही मानत. तुमी मानता. मानता म्हणूनच मले जाळलं."

तुळशीराम काचेतल्या कात्रणाकडे पाहत म्हणाले, "करू न. थोडे दिवस जाऊ दे."

खरी अडचण तिथेच होती. बारसं करायचं म्हणजे आधी क्रिया झाली हे कबूल करायचं, आणि क्रिया कबूल केली की रोज वाढलेल्या ताटाचं काय? एका मढवलेल्या कागदापायी पोरगा अधांतरी राहिला. एरवी बिनझाकणाचा डबा न बघवणाऱ्या माणसाला हे मात्र अकरा वर्षं बघवलं.

जानेवारीत शेखरला सेना मेडल जाहीर झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं. नव्या राजधानीला सगळंच नवं लागत होतं: पाट्या, मोटारी, दिवे, आणि व्यासपीठावर बसवायला माणसं. शेखर आयता सापडला. शाळा, कॉलेज, व्यापाऱ्यांची संघटना, चौबे कॉलोनीतलं मराठी मंडळ. सगळीकडे शाल, श्रीफळ, फेटा. शेखर चार शब्द बोले आणि बसे. मग तुळशीराम उठत. ताटाची गोष्ट दर सभेत थोडी वाढे. आधी नुसतं ताट होतं, मग त्यात शेखरच्या आवडीचं भरीत आलं, मग ताटाशी लावलेला दिवा आला. एकदा कुणी वनमालाबाईंच्या हातात माइक दिला, "माताजी, आप भी कुछ कहिए." त्या म्हणाल्या, "हे सांगतात न." लोकांना तो साधेपणा वाटला, टाळ्या पडल्या.

राज्य झालं त्याच आठवड्यात सुनीतीच्या मुलाचं बारसं देवतळ्यांकडे होतं. सकाळी शेखरने सरकारी समारंभात पहिल्या रांगेत हार घेतले. दुपारी पाळणा सजला, बायका जमल्या, आणि तुळशीराम त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू जरा अंगणात बस. गुरुजीले संकोच होऊन राहिला, क्रिया झालेला माणूस पाळण्यापाशी चालत नाही म्हणते. पाच मिनिटांची गोष्ट आहे."

शेखर गळ्यातले हार तसेच घेऊन अंगणात जाऊन बसला. आत पाळण्याखालून बाळ फिरलं, कानात कुर्र झालं, नाव ठेवलं गेलं. वनमालाबाईंनी घुगऱ्यांची वाटी बाहेर नेऊन दिली. तो म्हणाला, "काय ठेवलं?"

"विराज."

"चांगलं आहे," शेखर म्हणाला आणि घुगऱ्या खाऊ लागला. वनमालाबाईंना नवऱ्याचा खरा संताप आला तो त्या दिवशी. तोवर कीव होती.

पायामुळे फौज सुटली. नव्या मंत्रालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याला नोकरी मिळाली. तिथेही याची लाइन त्याला जोडून देणं. घरात नवी खाट आणली तर त्याने वापरली नाही, बाहेरच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून निजे. देवघरात पाऊल टाकत नसे. घरातल्या कुणाशी भांडला नाही, हीच त्याची भांडायची तऱ्हा. स्थळं येत होती, मेडलवाला मुलगा म्हणून वाकून येत होती. अभनपूरच्या एका मास्तरांची पूर्णिमा नावाची मुलगी दोन्ही घरांच्या मनात भरली. शेखरच्याही भरली असावी, कारण तो त्या दिवशी दाढी करून बसला होता. पाहुणे गेल्यावर तुळशीराम म्हणाले, "मग बार उडवून देऊ."

"आधी बारसं, मग लग्न," शेखर म्हणाला. "क्रम असते न, बाबा?"

तुळशीरामांचं तोंड काळवंडलं. क्रम काही कुणी लावला नाही. वर्षभर थांबून पूर्णिमा बिलासपूरला दिली गेली.

वनमालाबाई एकदा नवऱ्याला न सांगता गुरुजींकडे गेल्या. म्हणाल्या, "त्यायले नाही जमत तर मी घेतो मांडीवर. मी ठेवतो नाव."

गुरुजी खाली पाहत म्हणाले, "आईले नाही चालत, वहिनी. बापच पाहिजे."

"नऊ महिने पोटात मी ठेवला, गुरुजी. अन् जाळाले मात्र बारा वर्षांचं शास्त्र तुमाले बारा दिवसांत बसवता आलं."

गुरुजींनी पाणी विचारलं. त्या न पिता परत आल्या.

त्यानंतर त्या दर पाडव्याला नवऱ्याला विचारत आणि तो दर पाडव्याला पुढचं सांगे. सुनीतीच्या सासरी काय म्हणतील, मंडळाच्या निवडणुका आहेत, पेपरवाले टपलेलेच आहेत. शेवटच्या वर्षी छातीत कळा येऊ लागल्या, डॉक्टरांनी जिना बंद केला, तेव्हा वनमालाबाई सरळ म्हणाल्या, "तुमी गेल्यावर मडकं कोण धरीन, याचा विचार केला काय?"

तुळशीराम म्हणाले, "गणपतीत मंडळात माझं भाषण आहे, वीरपिता म्हणून. तेवढं होऊ दे. मग नक्की."

गणपती यायच्या आधी, श्रावणातच, भाषणाची तयारी करताना खुर्चीत त्यांची मान कलली.

अंगण माणसांनी भरलं. मंडळाचे अध्यक्ष रामकृष्णपंत आले, एक्स्चेंजचे लोक आले, मोहल्ल्यातले सगळे आले, दोघं पेपरवालेही होते. तिरडी बांधून झाली. आपल्यात विस्तवाचं मडकं धरून मुलगा तिरडीच्या पुढे चालतो. पांडुरंग गुरुजी आता थकले होते. त्यांनी मडकं शेखरपुढे केलं.

शेखरने हात मागे घेतले. "मले अधिकार नाही, गुरुजी."

गुरुजी कुजबुजले, "घे रे बाबा. कोणाले ठाऊक आहे?"

"तुमाले ठाऊक आहे."

रामकृष्णपंत पुढे झाले. "शेखर, हे काय चाललं आहे? मोठ्या माणसाचं शेवटचं कार्य आहे."

"पंत, माझी क्रिया झाली आहे." शेखरचा आवाज चढला नाही. "लढाईच्या साली, महादेव घाटावर. बाबांनीच आग दिली. तुमाले जे ताट सांगत होते ते कधी वाढलंच नाही. मी परत आल्यावर नाव ठेवा म्हटलं, तर अकरा वर्षं झाली नाही. आता मेलेल्या पोट्ट्यानं बापाले आग कशी द्यावी, तुमीच सांगा."

नीलेश मान खाली घालून उभा होता. रामकृष्णपंत ओट्यावर बसलेल्या वनमालाबाईंकडे वळले. "वहिनी, हे खरं आहे काय?"

एक नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. पोरगा दुःखाने भ्रमिष्ट झाला म्हणून लोकांनी त्याच्या हातात मडकं कोंबलं असतं, आणि तिरडीवरच्या माणसाची अब्रू तिरडीबरोबर गेली असती. वनमालाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. कापूस घातलेलं ते तोंड आता पुढचं वर्ष सांगणार नव्हतं.

"हव," त्या म्हणाल्या. "खरं आहे. मी घरातच होतो."

मडकं नीलेशने धरलं. शेखरने खांदा दिला. खांद्याला अधिकार लागत नाही. लंगडत्या पायामुळे तिरडी त्याच्या बाजूला कलत होती, पण घाटापर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यांच्यामागे दोन पोट्टे ती खाट उचलून आणत होते. गुरुजी म्हणाले, "चुलतभावाच्या, कोण्या वडीलधाऱ्याच्या मांडीवर बसवून काही मार्ग काढता येईन. मी पोथी पाहिली."

"जाऊ द्या," शेखर म्हणाला. "ठेवणारा गेला." त्याने खाट आत घेतली नाही. परतही पाठवली नाही, ती अंगणात राहिली.

नीलेशच्या हातात पेपर होता. तो काकूला देऊ का नको करत होता, शेवटी सुनीतीने घेतला. सभेतला जुना फोटो छापला होता, फेटा बांधलेला शेखर आणि बाजूला तुळशीराम. वर मोठ्या अक्षरांत: वीर पुत्र ने दी मुखाग्नि. खाली ताटाची गोष्ट पुन्हा, भरितासकट. अंगणात उभं राहून सगळं ऐकून गेलेल्या माणसानेच ते लिहिलं होतं.

"आई, काय करू याचं?" सुनीतीने विचारलं.

वनमालाबाई उठल्या. भिंतीवरचं मढवलेलं कात्रण त्यांनी उतरवलं, त्यावर हा नवा पेपर घडी घालून ठेवला आणि दोन्ही माळ्यावर टाकायला दिली. सुनीतीने बाबांचा मोठा केलेला फोटो आणि हार आणला होता. तो कुठे लावायचा म्हणून ती भिंतभर पाहत होती.

"नवा खिळा ठोकू नको," वनमालाबाई म्हणाल्या. "तिथंच लाव. तुझ्या बाबांनी तो शेखरसाठी ठोकला होता."